रेहानाआपाच्या फोटोंची वेगळी खोली

प्रिय रेहानाआपा,

तू गेलीस त्याला चाळीस दिवस झाले; काल तुझा चाळिसावा झाला. जेवणं उरकल्यावर इक्बालभाईंनी मला बाजूला बोलावलं आणि बाजारपेठेतल्या स्टुडिओची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आमच्या घरात फोटोतलं कळणारं कोणी नाही. आता तुम्हीच बघा," म्हणाले. मी ती घेऊन भिसेगावला घरी आले.

तुझ्या भावाला ठाऊक नाही की तुझ्या याच कामाशी मी एकदा बेइमानी केली होती. तू कुणाला सांगितलंच नाहीस ना? म्हणून वाटलं, कुलूप उघडण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

आठवतं, चौक रस्त्यावर आपण दोघींनी दुकान काढलं तेव्हा किती हौस होती? मी नुकतीच शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली होती. तू अब्बांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि लग्नाचे अल्बम करत होतीस, आणि रविवारी कॅमेरा घेऊन डोंगराखालच्या वाड्यांवर जात होतीस. शनिवार-रविवारी फार्महाऊसवाले त्या रस्त्याने येतात, त्यांच्या भिंती रिकाम्या असतात, एवढा आपला हिशेब. एका भिंतीवर माझी चित्रं, समोरच्या भिंतीवर तुझे फोटो.

माझी चित्रं जायला लागली. धबधबा, तळं, भातखाचरं, लोक गाडीत घालून न्यायचे. तुझ्या फोटोंपुढेही थांबायचे, जवळ जाऊन बघायचे आणि विचारायचे, "हे पण रंगवलेलंय का?"

"नाही, फोटो आहे," तू सांगायचीस.

"अच्छा, फोटोच आहे."

तो 'च' मी शंभर वेळा ऐकला असेल. तू कधी चिडली नाहीस. पण गिऱ्हाईक गेलं की फोटो भिंतीवर सरळ असला तरी पुन्हा सरळ करायचीस. मला दिसत होतं. मी काही बोलले नाही, कारण त्याच गिऱ्हाइकाने माझं चित्र बांधायला सांगितलेलं असायचं.

एकदा मी तुला सुचवलं, की फोटो कॅनव्हासवर छापू, वरून ब्रशचे फटकारे देऊ, मग लोक चित्र म्हणून घेतील. तू चहा पीत होतीस. कप खाली ठेवून म्हणालीस, "वंदू, तुझ्या चित्राला कोणी विचारतं का, तू फोटोसारखं का दिसत नाहीस म्हणून? मग माझ्या फोटोने चित्राचं सोंग का आणायचं?"

तुझे नियम मला तेव्हा हट्ट वाटायचे. एका फोटोच्या दहाच प्रती. चांगल्या जाड कापशी कागदावर, खाली पेन्सिलीने सही आणि कितवी प्रत ते. दहा झाल्या की तो फोटो पुन्हा छापायचा नाही. आणि पहिली प्रत विकायची नाही, ती फोटोतल्या माणसाची. अगं, कॉम्प्युटरवर फोटो तयार आहे, बटण दाबलं की अकरावी प्रत निघते, मग अडवतंय कोण? असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "मीच."

चंद्रीबाईचा फोटो तू त्याच वर्षी काढलास. वाडीवर ती छप्पर शाकारायला वर चढली होती. आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसलेली, हातात गवताची पेंढी, दातांत सुतळी. मागे नुसतं आभाळ, मे महिन्यातलं, पांढरं पडलेलं. तोंड अर्धं वळलेलं. पहिली प्रत द्यायला तू तिलाच दुकानात घेऊन आलीस. चंद्रीबाईने फोटो उलटा केला, सुलटा केला.

"माजं त्वांड कुटं दिसतंय यात?"

"पूर्ण नाही दिसत," तू म्हणालीस. "पण बघणाऱ्याला कळेल ना, कोण आहे ते?"

तिने पुन्हा निरखून पाहिलं. "सुतळी धरायची रीत माजीच हाय," म्हणाली, आणि फोटो पदराखाली घेऊन गेली. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते माझं कितीही मोठं चित्र विकलं गेलं तरी माझ्या चेहऱ्यावर कधी आलं नाही.

आता ते सांगते, ज्याचा विषय आपण दोघींनी पुन्हा कधी काढला नाही.

खालापूरच्या बाजूला नवं रिसॉर्ट झालं होतं. त्याचे मालक दुकानात आले तेव्हा तू एका लग्नाच्या कामाला रसायनीला गेली होतीस. त्यांना चंद्रीबाई आवडली. पण मोठी हवी होती, जेवणाच्या हॉलसाठी, आणि "जरा रंगीत". तुला फोन करायला हवा होता. मी नाही केला. तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुझा फोटो होता. मी तो कॅनव्हासवर छापून घेतला आणि वर रंग चढवला. तिचं विटकं लुगडं लालभडक केलं. मागच्या रिकाम्या आभाळात डोंगर घातले, डोंगरावर हिरवळ. माझी सही केली. आपा, खरं सांगू? करताना मला मजा आली. तुझ्या फोटोत जे कमी आहे ते मी पुरं करतेय असं वाटत होतं.

महिनाभरात तुला कळलं. चंद्रीबाईची मुलगी सुमन त्याच रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात लागली होती. तिने ते चित्र पाहिलं आणि सुट्टीच्या दिवशी थेट तुझ्या स्टुडिओत आली. "आपा, आमची आई लाल लुगडं नेसत नाय. आनि आमच्या घरामागं डोंगर नाय, पुढं हाय. तुमी आसं का केलं?"

तिला तू काय उत्तर दिलंस, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आलीस आणि एवढंच म्हणालीस, "चल, खालापूरला जाऊन येऊ." रिक्षात तू बाहेर बघत होतीस. तू ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

रिसॉर्टचे मालक भले होते. त्यांनी सरबत मागवलं. तू शांतपणे सांगितलंस, की मूळ फोटो माझा आहे आणि त्यात असं काही नाही. ते म्हणाले, "मॅडम, पण हेच छान दिसतंय."

"छान दिसतंय," तू म्हणालीस. "पण ही चंद्रीबाई नाही."

मला वाटलं, आता तू ते उतरवायला लावणार, माझी शोभा होणार. तू पिशवीतून खऱ्या फोटोची प्रत काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. म्हणालीस, "ते चित्र असू द्या, मेहनत तिचीही आहे. पण खाली लिहा, रेहानाच्या फोटोवरून वंदनाने रंगवलं. आणि हा फोटो दुसऱ्या भिंतीवर लावा, चित्राच्या शेजारी नको. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोकांना वेगळ्या बघू देत."

त्यांनी ते मान्य केलं. येताना रिक्षात तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "चित्र वाईट नाही गं. चोरीचं आहे, एवढंच."

मी रडले. पण माफी मागितली नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का ते? मी म्हणाले, "आपल्या दुकानासाठीच केलं ना." हे वाक्य मला अजून टोचतं.

पंधरा दिवसांनी तू तुझे सगळे फोटो भिंतीवरून उतरवलेस. मला वाटलं, संपलं. पण तू म्हणालीस, "रागाने नाही नेत. तुझ्या चित्रांशेजारी माझा फोटो स्वस्त वाटतो आणि माझ्या फोटोशेजारी तुझं चित्र खोटं वाटतं. दोघींचं नुकसान कशाला?"

अब्बांच्या स्टुडिओमागची, फोटोत मागे लावायचे पडदे ठेवायची खोली तू रिकामी केलीस. भिंती साध्या, राखी. भिंतीवर फक्त सहा फोटो. एक टेबल, दोन खुर्च्या. मी तुला वेड्यात काढलं होतं. बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाशेजारी कोण येणार फोटो घ्यायला? आणि खरंच पहिलं वर्षभर कोणी आलं नाही. तू पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो काढत राहिलीस आणि रोज मागच्या खोलीतली धूळ पुसत राहिलीस.

मग एकेक माणूस यायला लागला. कोणी रिसॉर्टमधला फोटो पाहून पत्ता विचारत आलेला, कोणी त्याच्याकडून ऐकून. एकदा मी कोपऱ्यात बसून बघितलं, तू फोटो कशी विकतेस ते. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. तू त्यांना बसवलंस. हात धुवून पुसलेस आणि एकच फोटो टेबलावर ठेवलास, भिवपुरीच्या वीजघराशेजारच्या वस्तीतला, दोरीवर वाळणारे खाकी गणवेश. कुणाचे गणवेश, त्या घरातली बाई काय म्हणाली, किती प्रती निघाल्या, किती उरल्या, सगळं सांगितलंस. मग खुर्ची मागे सरकवून त्यांना बघू दिलंस. त्या बाई बराच वेळ बघत होत्या. माझ्या दुकानात लोक पाच मिनिटांत चाळीस चित्रं बघायचे. तुझ्या खोलीत त्या बाईंनी तासाभरात तीन फोटो बघितले आणि एक नेला. 'फोटोच' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

त्या दिवशी मला कळलं, की तू फक्त खोली बदलली नव्हतीस, बघणाऱ्याची नजर बदलत होतीस. आणि तुझ्यामुळे मीही बदलले. मी कुणाच्या फोटोवरून रंगवणं सोडलं. पाताळगंगेच्या काठी स्टूल टाकून बसायला लागले, समोर कारखान्यांच्या चिमण्या असल्या तर चिमण्याच काढल्या. ती चित्रं कमी विकली जातात. पण तुझं आजारपण वाढलं होतं तेव्हासुद्धा तू जिन्याचा कठडा धरत धरत ती बघायला आलीस. एका चित्रापुढे बसून राहिलीस आणि म्हणालीस, "हे तुझं." बस, दोनच शब्द.

माझ्यावर रागवायचा तुला हक्क होता. तो तू वापरला का नाहीस? एकदा तरी विचारायचंस, "वंदू, का केलंस?" मी तेव्हाच पाया पडले असते. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस, ही माझी तुझ्यावरची एकुलती एक तक्रार.

इथवर लिहून झाल्यावर आज दुपारी मी स्टुडिओ उघडला. कपाटात तुझी वही मिळाली. न छापलेल्या फोटोंची यादी, आणि प्रत्येकापुढे कारण. 'हात हलला.' 'ती नको म्हणाली.' 'चेहरा केविलवाणा आला, तो तसा नाही.' आणि कितीतरी फोटोंपुढे एकच शेरा, 'विचारायचं राहिलं.' त्यातल्या एका ओळीत लिहिलं होतं, 'वंदना, नदीकाठी, पाठमोरी. विचारायचं राहिलं.'

आपा, तू माझा फोटो काढलास आणि मला न विचारता छापला नाहीस. मी तुझा फोटो घेतला तेव्हा तुला विचारलं नव्हतं.

आता माझा शब्द ऐक. ज्यांच्या दहा प्रती झाल्या त्यांची अकरावी निघणार नाही, कोणीही येऊ दे. तुझी खोली तुझीच राहील, तिथे माझं एकही चित्र लागणार नाही. आणि जिथे जिथे 'विचारायचं राहिलं' आहे, तिथे मी जाईन. सुमनला मी लगेच फोन केला; वाड्यांवर ती बरोबर येईल म्हणाली. जो हो म्हणेल त्याला एक प्रत, तुझ्या सहीशिवाय, विकायला नाही, घरात लावायला.

त्या यादीतलं पहिलं उत्तर आजच मिळालंय. मी हो म्हणते. आणि मला माफ कर.

तुझी,
वंदू