आईच्या गाण्यांमधला कचरा

तीर्थस्वरूप हिंदुरावदादास,

बारामतीहून पद्माचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसता बाटलीकडे बघत बसतोस? रेश्मावहिनींना सांग, डाळिंबं पोचली. (निम्मी तुझ्या मेहुण्यांनीच संपवली, रक्त कमी आहे म्हणून. कमी काही नाही.)

सतरा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, "कॅसेट गुतती, सीडीला मरान न्हाय." आईच्या गौरीच्या गाण्यांची कॅसेट इंदापूरला नेऊन तू तिच्या दोन सीड्या मारून आणल्या होत्यास, एक सणसरला तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मी तुझ्या त्या वाक्यावर विश्वास ठेवला, मूळ कॅसेट टाकून दिली आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

दिवाळीच्या आवराआवरीत माझी सीडी सापडली. आई जाऊन चार वर्षं झाली, म्हटलं ऐकू. तर घरात ती लावायला काही नाही. प्लेअर भंगारात गेलेला आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. (मी बराच वेळ तो उलटासुलटा करून बघितला.) मग आमच्या कोपऱ्यावरच्या रामहरीकडे गेले. तो झेरॉक्स काढतो, लग्नाचे व्हिडिओ करतो आणि जुनी गाणी पेनड्राइव्हवर भरून देतो. त्यानं विचारलं, वेव्ह करू का एमपीथ्री? माझा चेहरा बघून म्हणाला, "ताई, वेव्ह म्हंजी उसाचा रस. हाय तसा, पण जागा लई खातो. एमपीथ्री म्हंजी गूळ. आटीवलेला, खिशात मावतो. पण ध्यानात ठिवा, गुळाचा परत रस हुत न्हाय." ऊसवाल्याच्या मुलीला आणखी काय समजवायचं? म्हटलं, गूळ द्या.

दोन दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. चहा घेऊन बसले. पहिलं जरा अडखळलं, ते सोडता तिन्ही गाणी स्वच्छ, आई अगदी रेडिओवरच्या बाईसारखी गात होती. पण दुसरं गाणं संपलं आणि लगेच तिसरं सुरू झालं. मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मध्ये काहीच नव्हतं. तशीच चपला घालून रामहरीकडे गेले, तर तो कौतुकाच्या अपेक्षेनं हसला. "मधला कचरा काढला की ताई. म्हस वरडतीया, भांडी पडत्यात, कोण बाई कुणाला तरी शिव्या घालतीया, समदं साफ."

दादा, ती बाई म्हणजे आई आणि त्या शिव्या मला होत्या. "पदे, म्हस सुटली, हितं काय तोंड बघत बसलीयास भवाने." तुला आठवत असेल. शाळेत मी मॅडम आहे, सोसायटीत काकू, घरात श्रेयाची मम्मी. पदे म्हणणारं आता त्या कचऱ्यात तेवढं उरलं होतं.

रामहरी बिचारा ओशाळला. मूळचा रस त्यानं जागा अडते म्हणून पुसून टाकला होता. म्हणाला, सीडी आणा, परत काढू. घरी आले तर तुझे मेहुणे नीळकंठराव सीडी हातात घेऊन प्रसन्न मुद्रेनं बसलेले. त्यांनी मोबाइलवर बघून तिच्यावर टूथपेस्ट चोळली होती, पहिलं गाणं जरा अडखळत होतं म्हणून. सीडी आता आरशासारखी चमकते, लवंगेचा वास येतो आणि लागत नाही. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तेव्हा घाबरून त्यांनी पेनड्राइव्हवरच्या एमपीथ्रीचं परत वेव्ह केलं. फाइल दहापट मोठी झाली. म्हणाले, बघ, एवढं वाढलंय म्हणजे सगळं परत आलं असणार. श्रेयासकट तिघांनी बसून ऐकलं. गुळात पाणी घातल्यावर जे होतं ते झालं होतं. म्हैस काही आली नाही.

म्हणून मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ती सीडी व्हय? ट्रॉलीच्या मागं लावलीया की." अंधारात मागच्या गाडीला उसाची ट्रॉली दिसावी म्हणून सगळेच सीड्या लावतात, हे मला माहीत आहे. पण आईची? रागानं मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. कारण वहिनी पुढं जे म्हणाल्या होत्या ते आठवलं, "बाकी पाच पिच्चरच्या हायत. ही त्यांनी मुद्दाम मधोमध लावलीया. म्हणत्यात, आई मागं बघत बसली की कुणी धडकत न्हाय."

तर दादा, गळीत हंगाम संपला की ती सीडी नट सोडवून, न ओरबाडता, काढून पाठव. ओढून काढलीस तर चकाकी ट्रॉलीलाच राहील आणि गाणी त्या चकाकीतच असतात, असं रामहरी सांगतो.

तुझी धाकटी बहीण,
पद्मा

ता. क. रामहरीला आत्ताच विचारून आले. दोन हंगाम धुळीत आणि पाचटात घासलेली सीडी लागणं शक्य नाही म्हणतो. तेव्हा काढू नकोस. राहू दे तिला तिथंच, तुझ्या मागं.

आणखी एक. आईची नक्कल तुला हुबेहूब यायची. माझ्या लग्नात तुझ्या नुसत्या हाकेनं सासरची चार माणसं पानावरून उठली होती. तिच्या तेराव्यापासून तू ती बंद केलीस आणि कुणी आग्रह केला की उठून गोठ्यात जातोस. आताही नाहीच म्हणशील. तरी रविवारी फोन करशील तेव्हा एकदाच, म्हस सुटली म्हणून माझ्यावर ओरड. नावासकट.