बॅटरीवरचा हात

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

अंडं फुटलं नाही! बावन्न अंडी फोडल्यावर आज त्रेपन्नावं पप्पांनी आमच्या कंपनीच्या कृत्रिम हाताने उचललं, बशीत ठेवलं. आमचे बॉस, शौनक सर, अक्षरशः नाचले. व्हिडिओ लगेच ग्रुपवर.

दोन वर्षं लागली. कोपराखालचा स्नायू जरा आवळला की सेन्सरला कळतं आणि बोटं मिटतात. इतक्या नाजूक पकडीचा हात इतक्या कमी खर्चात इथे कुणी केला नसेल — तोही अंबरनाथच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली. आणि तो घालणारा पहिला माणूस माझे पप्पा. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसने उजवा हात मनगटापासून नेला, तेव्हा मी नववीत होते. याच हातासाठी डिझाइन शिकले म्हटलं तरी चालेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

पप्पा घरी आल्या आल्या हात काढून कपाटावर ठेवतात. शिरगावात, घराजवळ बस थांबली की म्हणे जिन्यातच पट्टे सोडायला सुरुवात. आईने सांगितलं, ते बोलले नसते.

आमच्या फीडबॅक फॉर्मवर मात्र सगळीकडे पाचपैकी पाच!

"पप्पा, खरं सांगा ना."

"हात चांगला आहे गं. माझंच चुकतंय. शिकेन हळूहळू."

१२ सप्टेंबर

माझंच चुकतंय — हे कुठल्या रकान्यात भरू?

१४ सप्टेंबर, रविवार

चामटोली गावाला गेले. हरिचंद्रकाका, आमचे दुसरे युजर. भातकापणीच्या मशीनमध्ये हात गेला. विचारलं, वापरता का? त्यांनी बायकोकडे, गोदूबाईंकडे पाहिलं. गोदूबाई उठल्या आणि तांदळाच्या डब्यातून हात काढून आणला! फडक्यात गुंडाळलेला, अगदी नवा.

"पान्यात घालाचा नाय, शेनात घालाचा नाय. मंग घालाचा कवा, तूच सांग."

"आनि चढवाला ही लागते," काका म्हणाले. "ही शेतावर गेली का मी बसतो हात घेऊन."

मी वहीत लिहून घेतलं. दुसरं काय करणार? चहा प्यायले. बारा वेळा अंडं उचलून बघायला लावलंय आम्ही त्यांना शेडमध्ये, आणि त्यांच्या घरात कुणी अंडं खात नाही. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पायल, युजरला ट्रेन करावं लागतं. सुरुवातीला मोबाइल तरी कुणाला जमत होता?" मग म्हणाले, तीन तारखेला बंगळुरूहून गुंतवणूकदार येतायत, तोवर काही नवीन काढू नकोस. फक्त पट्टा बदलायला हो म्हणाले, कारण तो डेमोत अडकतो.

सर वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की अंडं पुरेसं आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

आज कितीतरी महिन्यांनी पप्पांबरोबर विहारात गेले. वंदना सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडले. पप्पा शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून. डावा हात छातीवर. उजवी बाही खिशात खोचलेली. बॅटरीवरचा हात घरीच.

बारा वर्षं ते असेच उभे राहत असणार. मी मोटर बघितली, सेन्सर बघितला, पकड मोजली. हे नाही बघितलं!

परत येताना विचारलं. आधी त्यांनी रिक्षा थांबवली. मग —

"तुमच्या हाताची बोटं वाकलेलीच राहतात गं. सरळ होतच नाहीत. तथागतांसमोर मूठ घेऊन कसं उभं राहायचं?"

मी रिक्षात रडले. ते म्हणाले, "अगं, तुझी चूक नाही." परत तेच!

२३ सप्टेंबर, मंगळवार

सर: "एका नमस्कारासाठी मोल्ड बदलायचा?"

थ्रीडी प्रिंटरवर बसणाऱ्या उमाताई सगळं ऐकत होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "सर जेवायला गेले की टाकू प्रिंट. रोज दोन बोटं."

२७ सप्टेंबर, शनिवार

बोटं सरळ होतात. खिट्टी सरकवली की तळवा सपाट!

पट्टाही झाला. आता माप घ्यायला नको, कुणाचा दंड जाड असो की बारीक. एका हाताने चढतो. हरिचंद्रकाकांनी फोनवर सांगितलं, हिच्याबिगर चढला. एवढंच. पण आवाज वेगळा होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहार गच्च भरलेला. पप्पा पांढऱ्या सदऱ्यात, मधल्या रांगेत. त्यांनी हात जोडले.

वंदना संपली, लोक खाली बसले. पप्पा उभेच. आईने सदरा ओढला तेव्हा बसले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुणे आले. सरांनी नवीन स्लाइड लावली — ‘माणूस केंद्रस्थानी’. त्यावर काल मीच ग्रुपवर टाकलेला फोटो, पप्पांचे जोडलेले हात. उमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मग पाहुण्यांना ते प्रत्यक्ष बघायचं होतं. कॅमेरा लागला. "काका, एकदा परत. जरा इकडे तोंड करून. थोडं हसून." सात वेळा. पप्पांनी सातही वेळा हात जोडले. कुणासमोर, तर तिपाईवरच्या कॅमेऱ्यासमोर! बास म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. माझीच नोकरी, माझीच खिट्टी.

घरी पप्पा एवढंच म्हणाले, "तुझं काम झालं ना? मग झालं."

५ ऑक्टोबर, रविवार

पप्पा विहारात गेले नाहीत. अंग दुखतंय म्हणाले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली मोठी ऑर्डर. इथल्याच एका प्रेस-शॉपची, पप्पांचा हात गेला तसल्याच मशीनच्या कारखान्याची. पन्नास हात! सरांनी पेढे वाटले. डिलिव्हरीचं विचारायला मी फोन लावला. म्हटलं, हात गेलेले पन्नास कामगार आहेत तुमच्याकडे?

तिकडचा मॅनेजर हसला. "नाय हो मॅडम, सध्या एक पण नाय. स्टॉकला ठेवायचेत. तुमच्या पट्ट्याला माप लागत नाय ना, तेच बेस्ट आहे. मशीनला हात वाचवायचा गार्ड लावला तर माल अर्धाच निघतो."

ऑर्डर समोर आहे. डावे — शून्य. उजवे — पन्नास.