दोन शिड्यांचं गणित

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढत नाही ना? इकडे सगळं ठीक म्हणायचं, पण माझा जीव टांगणीला लागलाय. परवा मी बढतीची परीक्षा दिली. वाचनालयात वरची जागा हवी तर ती द्यावीच लागते आणि वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची संधी. घरात कुणाला बोलले नाही (झाकली मूठ बरी).

भाषेचं काही नाही हो, घात केला तो एकावर एक ठेवलेल्या लांब्यांनी. दोन पट्ट्या चिकटवल्या, बेरजेपेक्षा जोड तीस सेंटिमीटर कमी भरली, तर एकमेकींवर किती? महिनाभर मी जेवणाच्या टेबलावर दोन टॉवेल सरकवत होते. पुस्तक म्हणतं तीस. माझं मन म्हणतं पंधरा. दोघी आहेत तर दोघींनी निम्मं निम्मं सोसायला नको? (नांदत्या घरातल्या बाईला हे वाटणारच. तुम्हाला उद्देशून नाही.)

परीक्षेत नेमक्या शिड्या आल्या. एक पाच मीटरची, एक चारची, एकमेकींना बांधून सात. मी लगेच दोन पेन्सिली बाकावर शेजारी शेजारी सरकवू लागले, तर पर्यवेक्षक डोक्यावर उभे.

"बाई, काय चाललंय?"

"शिडी बांधतेय."

"मागे एक गृहस्थ कंगवा आणि चष्म्याचं घर घेऊन हेच करतायत!"

मी वळून पाहिलं. वन्सं, ते तुमचे बंधू होते! (ह्यांच्या पाणीखात्यालाही हीच परीक्षा असते, हे मला कुठं ठाऊक?) नजरानजर झाली आणि दोघंही छताकडे बघू लागलो.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"दातांच्या डॉक्टरकडे. आणि तुम्ही?"

"मीसुद्धा."

मग दोघंही एकाच बाजूनं चावत जेवलो.

तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. शिड्यांचं उत्तर मी दोन लिहिलं, खोडून एक केलं. घंटा झाली तेव्हा कागदावर काय होतं, देव जाणे.

आणखी एक. निकाल फोनवर कळवतात. मी तुमचा नंबर दिलाय. ह्यांनीही तुमचाच दिला असणार, त्यांना दुसरं आहे कोण? दोघं पास झालो तर लगेच कळवा. दोघं नापास झालो तरी कळवा, सोबतीनं रडू. पण एकच पास झालं असेल, तर वन्सं, तुमचा फोन बिघडलाय.