सत्तावीस पावलं पूर्वेला

पाटोदा, २९ नोव्हेंबर २०१५

प्रिय धर्मा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझं नाव निघालं की आई पुढचं ताट सरकवते. पायाचं प्लास्टर कधी निघणार, तेही आम्हाला दुसऱ्यांकडून कळतं. भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा तू हसत म्हणालास, ओवाळणीत टँकरभर पाणी घालतो आक्का, तेच सध्या महाग. पाचव्या दिवशी तू चालवत होतास तो पाण्याचा टँकर नेकनूरजवळच्या चौफुलीवर फुटला.

तू पूर्वेला चालला होतास. म्हाळूचा ट्रॅक्टर दक्षिणेला, कारखान्याच्या वाटेवर. मागे ट्रॉलीत ऊसतोडीची टोळी, पेट्या, भांडी, कोंबड्या. म्हाळू आणि टोळीतले दोघं जागीच गेले. वस्तीवरच्या बायकांनी आधी फुटक्या टँकरखाली घागरी लावल्या, मग माणसं उचलली. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांना आठ दिवसांनी पाणी दिसलं होतं. तू जबाबात सांगितलंस, टँकर वीसच्या वेगाने, ट्रॅक्टर साठने. आता टोळीतलं कुणी म्हाळूच्या बायकोच्या, बायनाबाईच्या दारात पाय ठेवत नाही. ती भेटेल त्याला सांगते, “आमचे मालक लई हळू चालले व्हते, टरालीत लेकरं व्हती.” कोणी ऐकत नाही.

याच महिन्यात मी अकरावीला संवेग शिकवला. वजन गुणिले वेग, एवढंच ते. दोन गाड्या काटकोनात येऊन एकमेकींत अडकल्या, की दोघींचे संवेग मिळून एकच तिरकी दिशा ठरते. ज्याचा जोर जास्त, त्याच्या जाण्याच्या दिशेला ती झुकते. लहानपणी तुझा मोठा ढब्बू माझ्या छोट्या गोटीला आडवा लागायचा, तसंच. भरलेला टँकर पंधरा टन, ट्रॅक्टर-ट्रॉली पाच. तुझ्या आकड्यांनी दोन्ही गुणाकार तीनशे येतात, म्हणजे अडकलेल्या गाड्या जितक्या पूर्वेला तितक्याच दक्षिणेला घसरायला हव्या होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं रस्त्यावरच्या खुणांवरून पावलं मोजली. पूर्वेला सत्तावीस, दक्षिणेला तीन. टँकरचा संवेग नऊपट, वजन तिप्पट, म्हणून वेगही तिप्पट. ट्रॅक्टर वीसने असेल तर तू साठने. तू आकड्यांची फक्त अदलाबदल केलीस रे. विहिरीवरची लाइट जायच्या आत दुसरी खेप भरायची घाई होती, ते मला कळतं. पण म्हाळूवर का ढकललंस?

ती मुलगी म्हाळूची रुक्मिणी. आई-बाप ऊसतोडीला जायचे म्हणून इथे वसतिगृहात राहते. बुधवारी तिनं वही माझ्यापुढे ठेवली. एक आकडा चुकला नव्हता. मी गणितावर लाल फुली मारली आणि सांगितलं, दोन्ही दिशा तू उलट धरल्या आहेस. बाई सांगतात म्हणून तिनं ते खरं मानलं. तिथेच बसून तिनं पुन्हा मांडलं, आणि बापाचीच चूक निघेपर्यंत आपलं बरोबर उत्तर खोडत राहिली. मग “थँक्यू बाई” म्हणून गेली. मला माझी किळस आली धर्मा. येत्या शनिवारी दहा वाजता मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे. फुली कोणी मारली आणि का, तेही सांगणार आहे. त्याआधी तू ये. कुबड्यांवर ये, मी पायऱ्या चढवीन तुला. नाही आलास तरी मी थांबणार नाही.

तुझीच,
आक्का