क्लच कशाने पुसावा, याविषयी जगदीशमामांस

वाल्डॉर्फ, रविवार, १८ जानेवारी

तीर्थस्वरूप जगदीशमामा यांस,

भाचा शिरीष याचा, कमरेत जेवढं वाकता येतंय तेवढं वाकून नमस्कार. (सध्या फार वाकता येत नाही. कारण पुढे येईलच.) इकडे नंदिनी, अन्वी आणि मी ठीक आहोत. तिकडे कराडला तुम्ही, शैलामामी आणि गॅरेज, तिघंही ठणठणीत असाल अशी आशा आहे, पण खात्री नाही. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुमच्या हातून चहाचा कप पडला आणि थंडीने बोटं बधिर झालीत असं तुम्ही म्हणालात. मामा, ऑक्टोबर महिना होता आणि तुमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्याच कॉलमध्ये तुम्ही टी-शर्ट घातला होता. मी कळता झाल्यापासून तुम्हाला गुंड्यांच्या खाकी शर्टाशिवाय पाहिलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही, त्यामुळे मामांना साठीनंतर फॅशन सुचली म्हणून आम्ही इकडे दोन दिवस हसलो.

आता फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. फोनवर बोटांचा विषय काढला की तुमच्याकडे लगेच गिऱ्हाईक येतं. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. शिवाय तुम्ही घरात असताना चष्मा गॅरेजात असतो, तेव्हा नेहमीप्रमाणे हे मामीच मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे मला आयता एक साक्षीदारही मिळाला.

तर झालं असं की आमची अन्वी स्की शिकते. आम्ही राहतो तिथे बर्फ पडतो तो कांद्याच्या सालीइतका, म्हणून तिला काळ्या जंगलातल्या एका गावच्या क्लबात घातलंय, गाडीने दोन तास. (हो मामी, तो केक त्याच भागातला. नाही, झाडाला लागत नाही.) इथे मूल क्लबात घातलं की आईबापांनाही कामाला जुंपतात. वर्षाला अमुक तास राबायचं, आणि आपल्याला काय येतं ते फॉर्मवर आधी लिहून द्यायचं. नंदिनी शहाणी. तिने 'केक' असं लिहिलं. मी लिहिलं, 'इंजिनीअर, मामांच्या गॅरेजात तयार झालो.' खरं म्हणजे कॉलेजची चार वर्षं तुमच्याकडे राहिलो तेव्हा दर रविवारी मी तुम्हाला बॅटरी धरायचो, आणि तीही भलतीकडे धरतो म्हणून शिव्या खायचो. पण फॉर्मवर एवढी जागा नव्हती. क्लबाचे प्रमुख हेर (इथे म्हणजे श्रीयुत) फालर (वय बाहत्तर, मिशा तुमच्यासारख्याच, स्वभावही) फॉर्म वाचून म्हणाले, "आल्झो, म्हणजे तर मग, तुम्ही स्नोमोबिल बघा."

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची स्कूटरच, पुढे चाकांऐवजी दोन स्की आणि मागे रणगाड्यासारखा पट्टा. ती मागे एक जड अवजार ओढते आणि बर्फात खाचा पाडते. त्या खाचांतून पोरं स्की करतात. खाचा नाहीत तर शर्यत नाही, आणि अन्वीची पहिली शर्यत सतरा तारखेला होती. नेमकी आदल्या शनिवारी स्नोमोबिल चढावर रुसायला लागली. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मी झाकण उघडलं आणि जीव भांड्यात पडला, कारण आत बिनगिअरच्या स्कूटरला असतो तोच प्रकार: दोन पुल्या, मधे बेल्ट (हाच तिचा क्लच), आणि सगळ्यावर बेल्टचा काळा भुगा. हे मी तुमच्याकडे शंभर वेळा पाहिलंय. (बॅटरीच्या उजेडात.) फालर आणि आणखी चार जण भोवती उभे होते. मी बाह्या सरसावून जाहीर केलं की हे धुवायला हवं.

कशाने, हा प्रश्न मला पडला नाही. तुमच्याकडे कधी पडला नव्हता. कापलेला तुपाचा डबा, त्यात रॉकेल आणि जुना ब्रश. इथे रॉकेल मिळत नाही, पण दिव्यात घालायचं एक तेल मिळतं, ते वासाने रॉकेलचं सख्खं भावंड. मी दोन्ही पुल्या त्याने अशा चकचकीत केल्या की फालर यांनी त्यात पाहून मिशी नीट केली. मग ते गाडीवर बसले, निम्मा चढ चढले, आणि तिथे थांबले. गाडी ओरडत होती, बेल्ट गरागरा फिरत होता आणि फालर हळूहळू मागे येत होते. तेलाचा पातळ थर राहिला होता, मामा. धातू चमकला, पण बेल्टला धरायला काही उरलंच नाही. सहा जणांनी मिळून ती गाडी खाली आणली. माझी कंबर गेली ती तिथे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तेल काढायला ब्रेक धुवायचा स्प्रे आणला. बाहेर उणे सात, म्हणून शेडचं दार घट्ट लावलं, गॅसचा हीटर पेटवला आणि निम्मा डबा मारला. अन्वी नाक धरून "पापा, दास स्टिंक्ट" म्हणाली. ("वास मारतोय." तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.) मी तिला सांगितलं की या वासात तुझ्या पणजोळाची इस्टेट आहे. तेवढ्यात फ्राउ, म्हणजे श्रीमती, वेर्ले आल्या. या बाई चाळीस वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होत्या, आता क्लबात कपाट कुठलं आणि कुलूप कुठलं ते पाहतात. त्या दारातच थबकल्या, मग बाहेरून गॅस बंद केला, दार सताड उघडलं आणि आम्हा सगळ्यांना बर्फात उभं केलं. अन्वीला थोडं गरगरत होतं. त्या वाफा जमिनीलगत साचतात आणि हीटरला पेट घेतात, हे मला बेचाळिसाव्या वर्षी बर्फात पाय बुडवून उभं असताना समजलं. पोरीला मी स्वतः आत बोलावलं होतं, बॅटरी धरायला. तेव्हापासून मला फारसं हसू येत नाहीये, तुम्हाला येत असलं तर येऊ द्या.

मग बाईंनी पद्धत दाखवली. बेल्ट आणि प्लास्टिकचे भाग कोमट साबणाच्या पाण्याने. पुल्यांचा धातू आयसोप्रोपिल अल्कोहोलने, करोनात हाताला चोळत होतो त्यातलं, पण जेल नको. तेही पेटतं, म्हणून काम उघड्यावर, आसपास ठिणगी नाही, हातात मोजे, आणि ओतायचं नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं. फडकं काळं निघेनासं झालं की थांबायचं, पूर्ण वाळू द्यायचं, वर तेलाचा थेंबही नाही. पाऊण तासात झालं. फालर चढ चढून पलीकडे दिसेनासे झाले.

बाईंनी मला विचारलं, हे दिव्याचं तेल तुम्हाला कुणी शिकवलं? मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, मामा वास घेऊन पेट्रोल कुठल्या पंपाचं ते सांगतात. दुपारी पार्ट पेट्रोलने धुतात, पावसाळ्यात शटर ओढून स्प्रे मारतात आणि संध्याकाळी हातही पेट्रोलनेच धुतात, कोपरापर्यंत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांची बोटं कशी आहेत?"

मला तो चहाचा कप आठवला. बाई म्हणाल्या, या असल्या द्रवांत एक हेक्झेन म्हणून असतं, ते वर्षानुवर्षं नाकातून आणि कातडीतून जात राहिलं की नसा सुकतात. आधी बोटांची टोकं. त्यांनी कारखान्यात अशी माणसं पाहिलीत. तुमचं कारण साखरही असू शकेल, मानेची नसही असू शकेल, ते डॉक्टर ठरवतील, पण लवकर थांबवलं तर पुष्कळांचं सुधारतं. हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, तर पहिल्या वाक्याला गिऱ्हाईक आलं असतं.

मामींना नमस्कार, गॅरेजातल्या पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
शिरीष

ता. क. १. सोबतच्या पार्सलात मोज्यांचे चार खोके आहेत, आणि नारिंगी काठाचा एक लॅमिनेट केलेला कागद. इथे प्रत्येक घातक द्रवासाठी असा कागद भिंतीवर लावावाच लागतो. मी तो मराठीत केलाय: शटर उघडं, मोजे हातात, पेट्रोल फक्त टाकीत. कॅलेंडरच्या शेजारी लावा. कॅलेंडरवर मंगळवार, तीन फेब्रुवारी या तारखेला मी फोनवरून कोल्हापूरच्या नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सकाळी अकरा. गाडी सांगून ठेवलीय. गिऱ्हाईक आलं तर त्याला बसवून ठेवा, तो स्कूटरवाला आहे, त्याला सवय आहे.

ता. क. २. शर्यत झाली. अन्वी शेवटून दुसरी आली आणि भलतीच खूश आहे. फालर यांनी माझं नाव मशीनच्या यादीतून काढून 'केक'मध्ये घातलंय.

ता. क. ३. टी-शर्टाचं कारण फॅशन नाही, गुंड्या लागत नाहीत हे आहे, हे मला कळलंय. तेव्हा हसलो, त्याची लाज वाटते. कसं कळलं ते विचारू नका, इंजिनीअर माणूस, अंदाज बांधला.

ता. क. ४. मामी, ठरल्याप्रमाणे तुमच्या फोनचा उल्लेख पत्रात कुठेही आलेला नाही. (ही ओळ मनातल्या मनात वाचा.)