मागचा क्राउन

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजात शिकवून आले तर बाबा ओटीवर चहा पीत बसलेले. डायलिसिसच्या दिवशी ते उजेडात घरी येण्याची ही पहिलीच वेळ. विचारलं तर म्हणाले, नितेश लवकर आला न्यायला.

एरवी रात्र होते. अलिबागला नंबर लागला नाही म्हणून माणगावचं सेंटर. मंगळवार आणि शुक्रवार. नितेश सकाळी आगरदांड्याला मासळी भरतो, बाबांना शेजारी बसवतो, फेरीबोटीने दिघी, मग म्हसळा, घाट, माणगाव. बाबांना मशीनवर सोपवून तो तसाच पुढे पनवेलला, व्यापाऱ्याकडे. रिकामा परत येईपर्यंत बाबा सेंटरच्या बाकावर.

आज तो लवकर आला. कसा, ते सांगत नाही. माझा धाकटा भाऊ काही सांगायचं नसलं की खूप जेवतो. आज तीन वेळा भात घेतला.

२४ ऑक्टोबर

कळलं. पिकअपचा मागचा क्राउन बदललाय.

संध्याकाळी गाडी जॅकवर होती. खाली वाकायला लावून दाखवलं त्याने. इंजिनकडून येणारा लांब शाफ्ट, मागे पिंपासारखी गोल पेटी, आत एक छोटं दातेरी चाक आणि त्याच्यावर फिरणारं मोठं. मोठ्याला क्राउन म्हणतात. आधी शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे व्हायचे तेव्हा टायर एकदा फिरायचा. आता चार. हाताने फिरवून दाखवलं. इंजिन तेवढंच, फेरे तेवढेच, पण टायर जास्त फिरतो. म्हणजे गाडी पळते.

मी विचारलं, आणि जातं काय?

फडक्याला हात पुसत म्हणाला, थोडी ओढ कमी होते. गाडी उठायला जरा जड वाटते. सवय होते.

शाळेत असताना शेजाऱ्यांची गियरची सायकल मी एकदा चालवली होती. सपाटीवर जो गियर हलका वाटला तोच चढाला लागताच पायांनी सोडून दिला. उतरून ढकलत नेली.

बाबांना ढकलत कोण नेणार, असं मनात आलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. मशीनला सुट्टी नसते. मला आहे, म्हणून सोबत गेले. मधल्या सीटवर मी, गियरचा दांडा गुडघ्याशी. मागे मासळी आणि बर्फ, ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं.

अमावास्येची ओहोटी. दिघीच्या धक्क्याचा उतार एरवी पाण्याखाली असतो, तो पार खालपर्यंत उघडा, शेवाळलेला. नि.ने फेरीतून गाडी पुढे काढली, थोडी चढली आणि थांबली. इंजिन थरथरत राहिलं. मग वास. जळका, तोंडात बसणारा. क्लच.

फेरीवरच्या खलाशाने पत्र्यावर थाप मारली. "काय रं नितेश, गाडी पोटुशी हाय का?"

मागच्या मोटारसायकलवाले हसले. बाबाही हसले. नि. हसत हसत गाडी मागे फेरीत घेऊन पुन्हा निघाला, या वेळी इंजिन ओरडेपर्यंत रेस देऊन. चढली.

घाटात वेगळंच. पायथ्याला लोक गियर उतरवतात. हा वेग वाढवत होता. मी म्हटलं, हळू घे.

"ताई, इथे हळू घेतलं तर वर उठणार नाय ती. पळवतच न्यायला लागते."

म्हणजे असं: ओढ कमी झाली म्हणून थांबता येत नाही. वळणावरही पाय काढायचा नाही, फक्त हॉर्न. एका वळणावर समोरून एस.टी. आली. जागा एस.टी.ने दिली. ड्रायव्हरने खिडकीतून जे म्हटलं ते वाऱ्यात गेलं.

पलीकडे उतार. दुसऱ्या गियरवरही गाडी धरत नव्हती. पूर्वी इंजिनच तिला अडवायचं, आता तेवढं अडवत नाही. सगळं ब्रेकवर.

मी बाबांबरोबर सेंटरवर थांबले. पनवेलहून तो खरंच लवकर आला. परत येताना गाडी रिकामी. सरळ रस्त्यावर झाडं नीट दिसेनात. काटा मात्र ऐंशीवर. मी मोबाइलचा नकाशा लावला. तो शंभर दाखवत होता.

नि.ला मोबाइल दाखवला. तो म्हणाला, काटा गियरबॉक्सवर चालतो, मागे काय बदललं ते त्याला कळत नाही.

बाबा काट्याकडे बघत बसले होते. समाधानी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लच प्लेट बदलली. क्राउन बदलून महिनाही झाला नाही.

आज त्याला सरळ विचारलं. भरलेली गाडी जाताना तरी जास्त पळते का? खोटं बोलला नाही. म्हणाला, भरलेली असताना पाचवा गियर ओढतच नाही. चौथ्यावर जावं लागतं. जेवढी पूर्वी पळायची तेवढीच, थोडी कमीच.

मग हे कशासाठी?

"येताना," म्हणाला. "रिकामी असते तेव्हा."

मग खाली बघत म्हणाला:

"त्या बाकावर बसतात ना ते. मान अशी खाली पडलेली असते. एकदा आलो तर एक बाई त्यांच्या हातात दोन रुपये ठेवून चालली होती."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं. तांडेल होते ते. बोट त्यांच्या शब्दावर वळायची.

जाताना बाबा त्याच गाडीत असतात, भरलेल्या, घाट न उचलणाऱ्या. हे त्याला सुचत नाही असं नाही. येण्याची किंमत जाण्यात भरतोय. हे वाक्य मी त्याच्याशी बोलले नाही. मला येणारी वाक्यं त्याच्या उपयोगाची नसतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा आले. थकलेले, पण उजेडात. शेजारचे दोघं-तिघं बघायला आले. आता हे रोजचं झालंय: बाबा पायऱ्यांपाशी गाडीतून उतरतात, लोक बघतात, बाबा हात वर करतात. बंदरात पहिली बोट लागल्यासारखं.

रात्री जेवताना स्वतःहून बोटीचं काढलं. एका वर्षी त्यांनीही बोटीखाली जास्त पिळाचा पंखा बसवला होता. रिकामी बोट पाण्यावरून उडायची. सगळ्यांच्या आधी बंदरात, भाव पहिला. आणि जाळं ओढताना? काळा धूर, म्हणाले. इंजिन रडायचं. एकदा भरल्या जाळ्यानिशी बसलंच, दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. हे सांगताना हसत होते. आईने किती दिवस बोलणं टाकलं होतं तेही सांगितलं.

नि. बाहेर गेल्यावर मी म्हटलं, बाबा, तो काटा खोटा आहे. ऐंशी दाखवतो तेव्हा शंभर असतात.

"मना ठाव हाय."

कधीपासून?

"पयल्या दिसापासून. पानी कापताना बोटीचा वेग कलतो, त रस्त्याचा न्हाय कलनार?"

मग बोलत का नाही त्याला?

फिस्टुलाच्या, डायलिसिसची सुई टोचतात त्या हातावरून दुसरा हात फिरवत राहिले. तिथे त्वचेखाली रक्त घरघरतं, हात ठेवला तर कळतं.

"तो माझ्यापायी धावतो. त्याला हलू ये, कसा सांगू?"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पौर्णिमा, म्हणजे पुन्हा मोठी ओहोटी. दिघीच्या उतारावर गाडी मागे सरकली. फेरीच्या लोखंडी फळीपर्यंत. खलाशाने चाकाखाली ओंडका टाकला. हे बाजारात मासळीवालीकडून कळलं. घरी दोघंही बोलले नाहीत. दोघांचं आता एक झालंय.

१९ नोव्हेंबर

गॅरेजच्या मिस्त्रीला फोन केला. जुना क्राउन परत बसवायचा असेल तर? म्हणाला, त्याने सांगितलं ते मी बसवलं मॅडम, जुना दुसऱ्या गाडीला गेला. शोधावा लागेल. कुणाच्या गाडीला? एका टेम्पोला. लाद्या वाहतो तो. त्याला ओढ लागते.

नि.ला सांगितलं, मिळाला तर बदल. म्हणाला, बघू, सीझन संपू दे. मी म्हटलं, पैसे मी देते. मग चिडला. पैशाचा प्रश्न नाही ताई, तू त्या बाकावर बसून बघ.

बसले आहे मी. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर वह्या होत्या तपासायला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. दोघं गेले, आले.

संध्याकाळी ब्रेकचा वास अंगणात रेंगाळत होता. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर आच लागली. मांजर रोज गाडीखाली झोपतं, आज लांब बसलं होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वारा. फेरी बंद. रोह्यावरून जायचं तर रस्त्याचं काम, वाहतूक अडकलेली. दोघं अर्ध्यातून परत आले. आजचं डायलिसिस चुकलं. सेंटरने शुक्रवारचीच वेळ दिली.

बाबा म्हणाले, एक वेल चुकली तर काय हुतं.

२७ नोव्हेंबर

पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा राहतो. पाणी मोजून देते. ते माझ्या हाताकडे बघतात, पेल्याकडे नाही.

२८ नोव्हेंबर

आडवं झोपता येत नाही. उशा लावून बसवलं. श्वास दुरून येतो. सेंटरच्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या पहिल्या पाळीत मशीन ठेवते, वेळेवर आणा. अँब्युलन्स मिळते का पाहिलं. आहे ती अलिबागला गेलेली.

उद्या पुन्हा अमावास्येच्या तोंडावरची ओहोटी.

नि.ला म्हटलं, उद्या मासळी नको. भरलेली गाडी त्या उतारावर थांबली तर बाबांना तेवढा वेळ नाही. घाटात थांबली तर अजिबातच नाही. रिकामी ने. मला वाटलं वाद घालेल. लगेच हो म्हणाला. व्यापाऱ्याला फोन करून उद्या येत नाही सांगितलं, बर्फवाल्यालाही. मग मागचा हौदा धुतला. एक क्रेटसुद्धा ठेवला नाही.

बरं वाटलं. हे लिहिताना मात्र हात थांबला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टाफरूम. पहिला तास दुसऱ्यांना दिला.

सकाळी सोबत निघाले होते. बाबा नीट बसेनात, पाठ टेकली की गुदमरतात. अख्ख्या सीटवर आडवे-उभे कसेबसे, दाराला उशी. माझ्यासाठी जागा नव्हती. मागच्या हौद्यात बसते म्हटलं. नि. म्हणाला, नको, तिथे धरायला काही नाही. गाडी किती पळवणार, ते त्याला आणि मला दोघांना माहीत होतं.

आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत चालत गेले. फेरी सुटली. मग पलीकडे दिघीचा उतार, त्याच्यावर एक पांढरा ठिपका, आमची गाडी. मी बघत होते. ठिपका कुठेच अडला नाही. एका दमात वर गेला आणि घरांमागे नाहीसा झाला. शेजारी उभा असलेला तिकीटवाला म्हणाला, आज बरी चढली गाडी.

गाडी रिकामी आहे. मीच केली रिकामी. आता घाटात तिला काही अडवणार नाही, सपाटीवर पाचवाही लागेल. उतारावर इंजिन धरत नाही, तेही तसंच आहे. मासळीचं ओझं हे एकच होतं जे तिला मागे ओढत होतं.

घाटमाथ्यावरून नि.चा फोन आला. चढलो म्हणाला. वारा खूप होता त्याच्या आवाजात, थांबलेल्या गाडीत नसतो तेवढा. बाबा कसे आहेत विचारलं.

"झोपलेत."

दोन रात्री ज्यांना झोप नाही ते. मी म्हटलं, उठव त्यांना. नि., उठव. हाक मार.

त्याने हाक मारली. ऐकली मी. "बाबा." मग पुन्हा, मोठ्याने. मग इंजिनचा आवाज चढला आणि रेंज गेली. उतारावर रेंज नसते, हे खरं आहे. नेहमीच नसते.

मुलं व्हरांड्यात गोंधळ घालतायत. कुणी ओरडत नाही त्यांना, मीही नाही.

नि.चा फोन लागत नाही.

सेंटरच्या सिस्टरचा फोन आला होता. मशीन तयार आहे, अजून कुणी आलं नाही. मी म्हटलं, घाट उतरतायत, पोचतीलच.

आता पुन्हा आला. दुसरा पेशंट बसून आहे, त्याला घेऊ का? मी म्हटलं, नको, थांबा, येतायत, घाट उतरतायत.

सिस्टर म्हणाल्या, मॅडम, ते तुम्ही तासाभरापूर्वीही म्हणालात.