चुकलेलं बटण

दादा,

बाबांचा हात हलला! सहा वर्षं वॉर्डातल्या त्याच खाटेवर भिंतीकडे बघत पडलेल्या आपल्या शिंपी बाबांचा. "त्यांना काय कळतंय," म्हणत तू यायचं सोडलंस, त्याच बाबांचा.

काल नवे डॉक्टर घाईत आले, कोटाची बटणं भलत्याच काजांत. ते तपासायला वाकले आणि बाबांनी सावकाश हात उचलून सगळी बटणं सोडली, वरपासून नीट लावली. डॉक्टर श्वास रोखून तसेच वाकलेले.

आज डॉक्टर मुद्दाम बटणं चुकवून आले. बाबांनी एकदा कोटाकडे, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पांघरुणातच ठेवला. ओठांच्या कोपऱ्यात चक्क हसू!

"पकडलं हो मला," डॉक्टर पुटपुटले. "यांना सगळं कळतंय."

म्हणूनच हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर तूही मुद्दाम चुकवून येशील. 'लगेच ये' एवढंच कळवते. घाईत तुझी बटणं चुकतातच रे. शाळेला निघताना दारात अडवून बाबाच ती नीट लावायचे.

तुझी वाट बघणारी,
छोटी